सेकंडहँड गाडीतला अनोळखी स्विच आणि अधूनमधून बंद पडणारं इंजिन

तक्रार ठरलेली असते. सेकंडहँड गाडी घेतली, कागदपत्रं नावावर झाली, आणि एक दिवस स्टेअरिंगखाली गुडघ्याजवळ हात गेला तर तिथे एक काळं बटण सापडलं. दाबून बघितलं, काहीच झालं नाही. आधीच्या मालकांना विचारावं तर गाडी डीलरकडून घेतलेली, किंवा मालकच सांगतात, "आम्ही घेतली तेव्हापासून आहे ते." बटण तसंच राहतं. पुढे कधीतरी बॅटरी उतरायला लागते, नाहीतर गाडी चालता चालता बंद पडते, आणि त्या दुखण्याचा या बटणाशी संबंध असेल असं कोणाच्या मनात येत नाही.

दाबल्यावर काही झालं नाही म्हणून बटण निकामी ठरत नाही. स्विच कुठेतरी वीज पोचवत असेल, पण ज्याला पोचवायची ते बिघडलेलं किंवा काढून टाकलेलं असेल. तो एखाद्या अटीवर चालत असेल, म्हणजे पार्किंग लाइट लावल्यावरच, रिव्हर्स टाकल्यावरच किंवा इंजिन चालू असतानाच. किंवा तो वीज तोडण्यासाठी बसवलेला असेल, आणि हा प्रकार सगळ्यात घातक. बंद उभ्या गाडीत तो दाबला तर खरंच काही होत नाही. चालत्या गाडीत दाबला तर इंजिन बंद पडतं, पॉवर स्टेअरिंग जड होतं, आणि ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम एक-दोनदा पेडल दाबण्यापुरताच उरतो. म्हणून अनोळखी बटण रस्त्यावर, चालत्या गाडीत कधीही दाबून बघू नका. मुलं पुढे बसत असतील तर त्यांनाही आधी सांगून ठेवा.

आधी ते कंपनीचं आहे का ते बघा

स्वस्त व्हेरियंटमध्ये डॅशबोर्डवर झाकणं असतात आणि महागड्या व्हेरियंटमध्ये त्याच जागी स्विच. त्यामुळे जागा कंपनीची आहे एवढ्यावरून स्विच कंपनीचा ठरत नाही. ओनर्स मॅन्युअलमध्ये वरच्या व्हेरियंटचीही चित्रं असतात, ती बघा. ०, १, २, ३ असे आकडे असलेली चकती दिसली तर ती बहुतेक हेडलाइटचा झोत वरखाली करायची असते. दिव्याच्या चित्रातून तिरक्या रेघा निघून त्यांना एक नागमोडी रेघ छेदत असेल तर तो पुढचा फॉग लॅम्प. रेघा आडव्या आणि चित्र उलट्या बाजूला तोंड केलेलं असेल तर मागचा. पार्किंग लाइट लावल्यावर बाकीच्या बटणांबरोबर, त्याच रंगात हेही उजळतं का, तेही बघून घ्या.

बाहेर बसवलेल्या स्विचची खूण मागच्या बाजूला असते. कंपनीच्या स्विचला एकसंध कपलर, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र जोडणारा प्लॅस्टिकचा जोड असतो, खिट्टी दाबल्याशिवाय निघत नाही. बाहेरच्या कामात सुट्या चपट्या पिना, त्यावर दाबून बसवलेले लग (वायरीच्या टोकाचे धातूचे तुकडे) आणि काळी टेप. कंपनीच्या वायरींवर बहुधा दुसऱ्या रंगाची रेघ असते, बाहेरच्या वायरी बहुतेक एकरंगी, लाल नाहीतर काळ्या. पण रंगावर भिस्त ठेवू नका. ज्या दिवशी गॅरेजमध्ये लाल वायर संपली त्या दिवशी काळीतूनच प्लस नेलेला असतो, आणि असं काम आपल्याकडे नेहमी बघायला मिळतं.

उभ्या गाडीत, दोघांनी मिळून

गाडी मोकळ्या सपाट जागी लावा, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. एक जण आत, एक बाहेर. मग चावीच्या प्रत्येक टप्प्यावर बटण दाबून बघा: चावी काढलेली असताना, पहिल्या टप्प्यावर, ऑनवर, आणि शेवटी इंजिन चालू करून. ऑनवर असताना पार्किंग लाइट, लो बीम, हाय बीम, एसीचा पंखा आणि रिव्हर्स गिअर हे एकेक लावून तेच पुन्हा करा. रिव्हर्सची तपासणी इंजिन बंद ठेवूनच. बाहेरच्या माणसाने बंपरखाली, नंबर प्लेटजवळ, चाकांच्या कमानीत आणि रेडिएटरच्या पंख्याकडे लक्ष ठेवायचं. आतल्या माणसाने खिडक्या बंद करून कान द्यायचा. "टिक" असा बारीक आवाज आला तर कुठेतरी रिले, म्हणजे थोड्या विजेवर मोठ्या भाराची वीज जोडणारा चुंबकी स्विच, लागलेला आहे आणि त्याची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) जिवंत आहे. समोर काही पेटलं नाही तरी हा आवाज महत्त्वाचा, कारण स्विचपासून रिलेच्या कॉइलपर्यंतची वाट शाबूत आहे एवढं नक्की झालं.

बटण दाबून सोडल्यावर परत वर येतं की दाबलेलंच राहतं, हेही लिहून ठेवा. परत वर येणारं छोटं बटण, आणि जवळच लुकलुकणारा बारीक दिवा, हे बाहेरून बसवलेल्या सिक्युरिटी अलार्मचं लक्षण. अशा बऱ्याच अलार्मना गाडी सर्व्हिसिंगला देताना अलार्म तात्पुरता झोपवण्यासाठी एक लपवलेलं बटण दिलेलं असतं. रिमोट हरवला की लोक अलार्म विसरतात, पण त्याची पेटी डॅशबोर्डच्या आत वीज खात राहते.

बटणात दिवा असेल आणि तो लागत असेल तर फक्त स्विचपर्यंत वीज येते एवढं कळतं. पुढचं उपकरण चालतं की नाही हे तो दिवा सांगत नाही.

हॉर्नची अदलाबदल करणारा स्विच खूप गाड्यांत असतो. तो फिरवायचा आणि मग हॉर्न वाजवून बघायचा, एवढंच. वेगवेगळे सूर एकामागून एक काढणारा किंवा कर्णकर्कश हॉर्न निघाला तर तो काढूनच टाका, केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ नुसार तो चालत नाही.

गॅस किटचा स्विच

चार हिरवे आणि एक लाल, असे बारीक दिवे असलेलं चौकोनी बटण म्हणजे बहुतेक सीएनजी किटचा पेट्रोल-गॅस स्विच. गाडीत गॅसची टाकी नाही म्हणून लोक हा पर्याय सोडून देतात, पण किट काढून दुसऱ्या गाडीत बसवलेलं असतं आणि वायरिंग मागे राहिलेलं असतं. डिकीच्या तळाला बोल्टची भोकं, गाडीखाली पाइप धरणाऱ्या रिकाम्या क्लिपा, बोनेटमध्ये गॅस भरायच्या नोझलची मोकळी पट्टी असलं काही दिसतं का बघा. सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी मध्ये तोडून किटच्या कंट्रोल युनिटमधून नेतात, कारण गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवावे लागतात. किट काढताना ते जोड नीट पूर्ववत केले नाहीत, नुसते पिळून टेप मारली, तर एखादा सिलिंडर अधूनमधून मिसिंग करतो, म्हणजे पेट घेत नाही. प्लग आणि इग्निशन कॉइल बदलून तो त्रास जात नाही.

इथे कागदही तपासा. आरसीवर किंवा एम-परिवहन अॅपवर इंधनाचा प्रकार दिसतो. किट आहे पण नोंद नाही, किंवा नोंद आहे पण किट नाही, दोन्ही प्रकारांत आरटीओकडे जाऊन दुरुस्ती करून घ्या. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात हीच गोष्ट आडवी येते. किट जागेवर असेल तर टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तिची शेवटची तारीख बघून घ्या.

गाडी आधी टॅक्सी होती असं आरसीच्या इतिहासातून कळलं, तर मागच्या सीटजवळचं लाल बटण आपत्कालीन असण्याची शक्यता मोठी. १ जानेवारी २०१९ पासून नवीन नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, रिक्षांसारखे अपवाद सोडून, गाडी कुठे आहे ते कळवणारं उपकरण आणि असं बटण सक्तीचं झालं. खासगी नोंदणी करताना कित्येकदा बटण राहतं आणि डॅशबोर्डमधलं उपकरणही राहतं.

चोर स्विच

आता मूळ दुखण्याकडे येतो. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लपवून बसवलेला स्विच, ज्याला आपल्याकडे चोर स्विच म्हणतात. जुन्या, इमोबिलायझर (खऱ्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) नसलेल्या गाड्यांत तो सर्रास असायचा. सीटखाली, कार्पेटच्या कडेला, फ्यूज बॉक्सच्या मागे, ग्लोव्ह बॉक्सच्या आत. तो सेल्फची, इग्निशनची किंवा फ्युएल पंपाची वीज तोडतो.

कुठली तोडतो हे लक्षणांवरून सांगता येतं. स्विच एका बाजूला ठेवल्यावर सेल्फच लागत नसेल तर सेल्फची लाइन. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन अजिबात पकडत नाही, तर बहुधा इग्निशन. गाडी चालू होते आणि काही सेकंदांत आचके देऊन बंद पडते, तर फ्युएल पंप. लाइनमध्ये उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत ती चालते.

चिपळूणच्या एका शिक्षकांच्या जुन्या हॅचबॅकला हाच त्रास होता. कुंभार्ली घाटात, पावसाळ्यात, खड्ड्यातून गाडी आपटली की झटके मारायची, कधी बंद पडायची. दहा मिनिटं थांबून सेल्फ मारला की चालू. गॅरेजवाल्यांनी फिल्टर बदलला, पंप बदलला, पंपाचा रिलेही बदलला. प्रत्येक वेळी काही आठवडे बरे गेले आणि पुन्हा तेच. ड्रायव्हरच्या सीटखाली कार्पेटच्या आड एक टॉगल स्विच होता. घरच्यांना तो माहीत होता, "त्याने काही होत नाही" म्हणून कोणी मेकॅनिकला सांगितलं नव्हतं. स्विच उघडला तर आतलं तांबं हिरवं पडलेलं, आणि लगची प्लॅस्टिकची टोपी उष्णतेने तपकिरी झालेली.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. लहान गाडीचा फ्युएल पंप साधारण ४ ते ६ अँपिअर घेतो. गंजलेल्या संपर्कात अर्धा ओहम जरी अडथळा आला, तरी ५ अँपिअरला अडीच व्होल्ट तिथेच खर्च होतात. पंपाला बारा-तेराच्या जागी दहा-साडेदहा व्होल्ट मिळतात, दाब कमी पडतो, आणि चढावर जेव्हा जास्त पेट्रोल लागतं तेव्हाच गाडी मान टाकते. शिवाय त्या नखाएवढ्या जागेत साडेबारा वॉट उष्णता तयार होते. ती संपर्क आणखी जाळते, स्प्रिंग ढिली करते. थंड झालं की संपर्क पुन्हा बरा होतो, म्हणून "थोडं थांबलं की चालू होते". कोकणातल्या दमट हवेत आणि ओल्या पायांनी भिजणाऱ्या कार्पेटखाली हे जास्त लवकर घडतं. नवीन पंप टाकल्यावर काही दिवस बरं वाटतं, कारण काम करताना सीट हलवली जाते, वायरी ओढल्या जातात, आणि संपर्क तात्पुरता सुधारतो.

मल्टिमीटर लावून खात्री करा

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. सुईवाला, बल्ब असलेला टेस्टर डॅशबोर्डच्या आत वापरू नका. बल्ब जास्त करंट ओढतो आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोलच्या नाजूक वायरीला तो सोसवेलच असं नाही. पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटरही लावायचा नाही, टेस्टरही नाही.

मीटर डीसी २० व्होल्टवर, काळी सुई बॉडीच्या उघड्या धातूवर, लाल सुई स्विचच्या एकेका पिनवर. स्विच बंद स्थितीत. प्रत्येक पिनवर चावीच्या प्रत्येक टप्प्याला किती व्होल्ट येतात ते कागदावर मांडा. चावी काढलेली असतानाही १२ व्होल्ट असतील तर वायर थेट बॅटरीवरून आली आहे. चावी ऑन केल्यावरच येत असतील तर इग्निशनवरून. पार्किंग लाइटबरोबर येत असतील तर बहुतेक फॉग लॅम्प किंवा सजावटीचे दिवे. सेल्फ मारतानाच येत असतील तर सेल्फची लाइन. आणि चावी ऑन केल्यावर सुमारे दोन सेकंद येऊन गायब झाले, सेल्फ मारल्यावर परत आले, तर तो फ्युएल पंपाच्या रस्त्यात आहे यात शंका ठेवू नका. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर पंप दाब तयार करण्यासाठी तेवढाच वेळ चालतो, मागच्या सीटखालून बारीक घूं ऐकू येते.

तोडणाऱ्या स्विचची आणखी एक पक्की खूण आहे. त्याच्या दोन्ही वायरींचा माग काढलात तर त्या एकाच ठिकाणी पोचतात, कंपनीच्या एकाच वायरीच्या तोडलेल्या दोन टोकांवर. दोन्ही टोकांचा रंग आणि रेघ सारखी असते. वीज पोचवणाऱ्या स्विचच्या दोन वायरी वेगवेगळ्या ठिकाणी जातात.

स्विच खराब झाला आहे का हे काढून न बघताही कळतं. इंजिन चालू ठेवा, स्विच नेहमीच्या चालू स्थितीत, आणि मीटरच्या दोन्ही सुया स्विचच्या दोन पिनांवर. चांगल्या स्विचवर जवळजवळ शून्य दिसतं, ०.२ व्होल्टच्या आत. अर्धा-एक व्होल्ट दिसला, किंवा वायर हलवल्यावर आकडा नाचला, तर दोषी सापडला.

वायर कुठे जाते यावरून बरंच ओळखता येतं. इंजिनकडच्या पत्र्यातून रबरी बुचातून बाहेर गेली तर हॉर्न, फॉग लॅम्प किंवा रेडिएटरचा पंखा. दाराच्या उंबऱ्याखालून मागे गेली तर पंप, अॅम्प्लिफायर किंवा मागचे दिवे. वर काचेच्या कडेने गेली तर कॅमेरा किंवा छताचा दिवा. जाड वायर असेल तर भार थेट स्विचवर आहे, बारीक असेल तर बहुधा मध्ये रिले आहे. रिलेच्या बुडाला ८५, ८६, ३०, ८७ असे आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल, ३० वर वीज येते, ८७ वरून पुढे जाते. ८७-ए ही पिन वापरलेली दिसली तर सावध व्हा, तिथे कॉइलला वीज नसताना लाइन जोडलेली राहते, म्हणजे तो रिले तोडण्यासाठी लावलेला असू शकतो.

एक गोष्ट मात्र कृपया करू नका. सुटी, अनोळखी वायर दिसली की तिला बॅटरीचा प्लस लावून "काय पेटतं ते बघू" असं करणारे बरेच जण आहेत. ती वायर सेन्सरची किंवा इसीएमची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) निघाली तर पुढचा खर्च हजारोंत जातो.

बॅटरी उतरत असेल तर

बोनेट उघडून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत अडकवा, दारं बंद करा, चावी गाडीपासून लांब ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर १० अँपिअरवर लावा. गाडीतले कंट्रोल झोपी जायला वेळ लागतो, अर्धा-पाऊण तास थांबा. या काळात सेल्फ मारू नका, चावीही फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरच्या आसपास किंवा कमी असेल तर ठीक. ३०० दिसत असतील, तर लहान गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांत पूर्ण रिकामी होईल, आणि सेल्फ त्याच्या खूप आधी, दोन-तीन दिवसांतच नकार देईल. आकडा दिसत असताना अनोळखी स्विच दोन्ही बाजूंना करून बघा. फरक पडला तर तोच. नाही पडला तर एकेक फ्यूज काढा. बाहेरून बसवलेली वायर कित्येकदा फ्यूज बॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीच्या टर्मिनलवर आलेली असते, त्यामुळे टर्मिनलवरच्या जास्तीच्या वायरी आधी सोडवून बघितलेल्या बऱ्या.

काढायचा की ठेवायचा

वीज पोचवणारा आणि नको असलेला स्विच काढताना सुरुवात वीज येते त्या टोकापासून. बॅटरीची निगेटिव्ह सोडवा, मग प्लसकडची वायर सोडवा, आणि शेवटी स्विच. उलट केलंत तर डॅशबोर्डमध्ये जिवंत वायर लोंबकळत राहते.

चोर स्विच नुसता ओढून काढला तर गाडी जागेवर उभी राहील. कंपनीच्या वायरीची दोन्ही टोकं पुन्हा जोडावी लागतात: तेवढ्याच जाडीची वायर, सोल्डर किंवा नीट दाबलेला जोड, त्यावर हीट श्रिंकची, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. फक्त पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळला की सुटतो. हे काम चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं असं माझं मत आहे. पंपाच्या लाइनमधला कच्चा जोड म्हणजे तोच त्रास परत.

फॉग लॅम्प निघाले तर मी ते ठेवायला सांगेन, आंबोली किंवा महाबळेश्वरच्या धुक्यात त्यांचा खरा उपयोग होतो. फक्त हिशोब तपासा. ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे ११० वॉट, १२ व्होल्टला ९ अँपिअरहून जास्त. मध्ये रिले हवा, १५ अँपिअरचा फ्यूज हवा, आणि तो फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. कारण फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधली वायर घासून उघडी पडली तर तिला वाचवणारं काही नसतं.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना स्विचच्या मागच्या बाजूचा फोटो, पिना किती, चावीच्या प्रत्येक टप्प्यावर कुठल्या पिनवर किती व्होल्ट, बटण परत वर येतं का, टिक ऐकू आली का, आणि गाडी नेमकी कधी बंद पडते, म्हणजे खड्ड्यात, चढावर, पावसात की गरम झाल्यावर, एवढं एका कागदावर लिहून न्या. "त्याने काही होत नाही" असं वाटणारं बटणही त्यात लिहा आणि ते कुठे आहे ते हात लावून दाखवा.